अठराशे अडुसष्टमधली गिन्का मावशी

आमच्या बिल्डिंगमध्ये गिन्का मावशी चौथ्या मजल्यावर राहते आणि मी तिसऱ्या. म्हणजे तिची फरशी हे माझं छत. या एका वाक्यात माझ्या गेल्या पंधरा वर्षांचं चरित्र येतं. मावशी सकाळी नवऱ्याला, मिन्यो काकांना, "चहा झाला!" म्हणून सांगते, तेव्हा मीही उठून बसतो. मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय हो इल्को, मिन्योंना पित्ताचा त्रास आहे ना?" आणि आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की ही बातमी मिन्यो काका सोडून सगळ्यांना आधीच कळली होती. काका तेव्हा झोपले होते.

यात भांडखोरपणा मुळीच नाही. मावशीसारखी प्रेमळ बाई अख्ख्या स्लिवेन शहरात सापडायची नाही. तिला हळू बोलता येत नाही, एवढंच. अठराव्या वर्षी ती कापड गिरणीत मागावर लागली आणि एकतीस वर्षं तिथेच राहिली. एका दालनात एकशे वीस माग. तिथे शेजारणीला "मीठ दे" म्हणायचं तर एक तर गळ्याच्या शिरा ताणायच्या, नाही तर आवाज न करता ओठ हलवायचे आणि समोरचीनं ते वाचायचे. गिरणीतल्या सगळ्या बायकांना दोन्ही कला येत. मधली पट्टी, म्हणजे तुम्ही-आम्ही बोलतो ती, कुणाला शिकायची गरजच पडली नाही.

मग गिरणी बंद झाली. यंत्रं भंगारात गेली, आणि नशिबाचा विनोद असा की मावशीला झाडलोटीचं काम मिळालं ते सार्वजनिक वाचनालयात. बारा वर्षं! तिथल्या भिंतीवर 'शांतता राखा' अशा नऊ पाट्या होत्या. त्यांतल्या पाच तर मावशी आल्यावर लागल्या. "बारा वर्षांत मला 'शू' म्हणणाऱ्या माणसांची मिरवणूक काढली ना, तर स्टेशनपर्यंत जाईल," असं ती हसत हसत सांगायची. गेल्या शरदात ती निवृत्त झाली आणि घरी बसली. घरी काका. काका आयुष्यभर ब्रेडची गाडी चालवायचे. पहाटे तीनला कामाला आणि दिवसा झोपायला. त्यांचंही लाडकं अक्षर तेच, "शू".

या हिवाळ्यात मावशी हळू बोलायला लागली. मला पहिला आठवडा फार बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात चुकल्यासारखं झालं. तिसऱ्यात मी वर जाऊन दार वाजवलं. मावशी खिडकीशी विणत बसली होती. दाराच्या मुठीला स्वेटर, टेलिफोनला स्वेटर, विजेच्या मीटरलासुद्धा एक करड्या रंगाचा.

"मावशी, बरं आहे ना?"

"बरं आहे," ती म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही. मावशीचं बोलणं मला ऐकू आलं नाही! मी घाबरलो.

त्याच संध्याकाळी मी एक जाहिरात पाहिली आणि ती घेऊन पुन्हा वर गेलो. बाल्कन पर्वताच्या पलीकडच्या उतारावर गोर्नी याझ नावाचं जुनं गाव आहे. तिथली घरं, पाणचक्क्या, कारागिरांच्या पेढ्या जशाच्या तशा उभ्या करून सरकारनं त्याचं जिवंत संग्रहालय केलं आहे. त्यांना मे ते ऑक्टोबर विणकरीण हवी होती. हातमाग यायला हवा, आलेल्या लोकांशी बोलता यायला हवं. शेवटची अट मी मुद्दाम मोठ्यांदा वाचली. "बोलायचं? कामच ते?" मावशीनं विचारलं. "दिवसभर?" आणि तिच्या आवाजात पुन्हा थोडी गिरणी आली.

परीक्षेची तारीख ठरली, ईस्टरनंतरचा शनिवार. अडचण एकच होती, मिन्यो काका. टीव्हीवर अशा गावातली पोशाखातली माणसं दिसली की काका म्हणत, "म्हातारपणी बहुरूप्याचा धंदा!" तेव्हा मावशीनं फर्मान काढलं, "त्याला सांगायचं नाही. जमलं तर सांगू. नाही जमलं तर घोंगड्या धुवून परत येऊ."

घोंगड्यांचं असं आहे की आमच्याकडे लग्नातल्या केसाळ लोकरी घोंगड्या घरी धुवत नाहीत. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पन्हळीतून वेगानं लाकडी टाकीत सोडतात, तिथे भोवरा होतो, आणि त्या भोवऱ्यात घोंगडी तास-दोन तास गरगर फिरली की तिचे केस मेंढीच्या अंगावर असल्यासारखे उभे राहतात. असा भोवरा गोर्नी याझमध्ये आहे. त्यामुळे मोहिमेला सबब आयती मिळाली. माझ्या जुन्या ओपेलच्या टपावर दोन घोंगड्या बांधल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि आम्ही निघालो. मागून पाहणाऱ्याला आम्ही दोन मेंढ्या पळवून नेतोय असं वाटत असावं.

घाटात गाडी जाईल तेव्हा जाईल, काकांचं आधी खाणं. त्यांनी ईस्टरची उरलेली, उकडून लाल रंगवलेली अंडी आणली होती, आणि त्यांतलं एक 'पैलवान' होतं. अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात त्यानं सारी बिल्डिंग हरवली होती. काका ते छातीच्या खिशात ठेवून बसले होते.

"काका, ते एक खाऊन टाका, आठवडा झाला."

"पैलवान खात नाहीत, इल्को," काका म्हणाले. "गिन्के, तू आज गप्प का?"

मावशी मागच्या सीटवर बसून ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत होती. "मोजतेय," ती म्हणाली.

"काय मोजतेयस?"

"वळणं."

काका समाधानानं मान डोलवून झोपले.

दहाच्या सुमारास पोचलो. काकांना घोंगड्यांसकट ओढ्याकाठी भोवऱ्यापाशी बसवलं. तिथला राखणदार म्हणाला, नंबर लागायला वेळ आहे, चार तास तरी धरा. माझ्या मनात आलं, देव आहे. "मावशी देवळातली चित्रं बघायला गेलीय," असं मी काकांना सांगितलं. त्या दिवसातली ही माझी पहिली थाप. मी शाळेत भूगोल शिकवतो. थापा ऐकण्याची सवय आहे, मारण्याची नाही.

संग्रहालयाच्या प्रमुख तेमेनुगा बाई उंच, बारीक आणि भयंकर उत्साही. त्यांचा नियम एकच, पण कडक. गावात अठराशे अडुसष्ट साल चालू आहे. तांबटानं, कुंभारानं, विणकरणीनं त्याच सालात राहायचं. "एक वर्षसुद्धा पुढे सरकायचं नाही, गिन्काबाई. गिरणी नाही, वीज नाही, टेलिफोन नाही. कुणी विचारलं तर तुम्ही इथल्याच."

"बरं," मावशी म्हणाली. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

तेमेनुगा बाईंनी कानात बोट घालून हलवलं आणि हसून म्हणाल्या, "वा. स्पष्ट आवाज."

मावशीला काळा बिनबाह्यांचा झगा, लाल पट्ट्यांचं ॲप्रन आणि पांढरा रुमाल दिला. कानामागे जिरॅनियमचं फूल खोचलं. आरशात बघून ती स्वतःशीच लाजली. मग विणकरणीच्या घरात मागावर जाऊन बसली आणि तिनं धोटा हातात घेतला. इथपर्यंत सगळं फार छान होतं.

मागावर एक पट्टा चढवलेला होता. गेल्या वर्षीच्या विणकरणीनं तो हंगामभर, लोकांशी गप्पा मारत मारत, वीतभर विणला होता. मावशीला संथ विणता येत नाही. गिरणीत मजुरी विणलेल्या गजांवर मिळायची. धोटा असा पळायला लागला की दिसेना. पाऊण तासात दोन हात पट्टा झाला. तेमेनुगा बाईंचा सहायक यावोर, दाढीवाला, सौम्य, लोककलेचा पदवीधर, धावत आला. "बाई, बाई, जरा सावकाश! हा ताणा ऑक्टोबरपर्यंत पुरवायचाय!"

"ऑक्टोबर?" मावशी म्हणाली. "अरे बाळा, हा जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा नाही पुरायचा!"

फळीवरची मातीची भांडी किणकिणली. तेवढ्यात तिसरीच्या मुलांची सहल आत शिरली. खोली बुटकी, छत लाकडाचं. मावशीनं मनापासून समजावायला सुरुवात केली, "बाळांनो, हा ताणा! हा बाणा!" आणि पहिली रांग दुसऱ्या रांगेच्या पायावर पडली. त्यांच्या बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मुलांना मात्र मजा आली. दोन वेण्यावाली एक चिमुरडी पुढे येऊन म्हणाली, "आजी, तू इथेच राहतेस?"

मी मनात म्हटलं, हो म्हण, मावशी. पण मावशीला खोटं बोलता येत नाही. नवऱ्यापासून बेत लपवणं वेगळं आणि लहान पोरीच्या तोंडावर खोटं बोलणं वेगळं, असा तिचा हिशेब.

"छे गं! स्लिवेनला राहते. चौदा नंबरची बिल्डिंग, बी जिना, चौथा मजला. लिफ्ट बंद आहे!"

दारात उभ्या तेमेनुगा बाईंनी डोळे मिटले.

त्यानंतर त्या आणि यावोर अंगणापलीकडच्या कचेरीत गेले. खिडकीची काच बंद केली. आम्ही दोघं इकडे ओट्यावर बसलो. मावशी त्या काचेकडे बघत होती, आणि मला काही समजायच्या आत तिनं त्यांचं बोलणं मला सांगायला सुरुवात केली. अगदी हळू, हिवाळ्यातल्यासारखं.

"ती म्हणतेय, हात सोन्याचे आहेत. पण घर दीडशे वर्षांचं आहे, ह्या आवाजानं पडेल." तिची नजर यावोरच्या ओठांवर गेली. "दाढीवाला म्हणतोय, आपण समजावून सांगू, हळू बोला म्हणून." मग परत बाईंच्या ओठांवर. "ती म्हणतेय, म्हाताऱ्या बाईला दिवसभर गप्प राहा म्हणणं बरं दिसत नाही. जेवायला घालू आणि गोड बोलून पाठवू." मग मावशीनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि नीट घडी करायला घेतली. चौपदरी, मग आठपदरी. "चांगली बाई आहे रे ती, इल्को. तिचं काही चुकलं नाही."

एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं एवढंसं होणं बघवत नाही. तिला पगाराची एवढी पडलेली नव्हती, हे मला माहीत होतं. सबंध जगात कुठेतरी एक खोली असावी, जिथे तिनं तोंड उघडल्यावर कुणी बोट ओठांवर ठेवणार नाही, एवढंच तिला हवं होतं. ती खोली गिरणीबरोबर भंगारात गेली होती.

"चल," मी म्हटलं, "काकांना भूक लागली असेल."

मावशी उठली नाही. तिची नजर अजून काचेवरच होती. रुमालाची घडी थांबली.

"थांब. आता दुसरंच काहीतरी बोलताहेत. दोन वाजता बस येणार. प्लेवेनहून पेन्शनर. चाळीस जण. दाढीवाला म्हणतोय, त्यांना गोफशाळेत न्यायलाच हवं, त्यासाठीच येताहेत. ती म्हणतेय, कोण नेणार? तिथला माणूस घसा बसून घरी पडलाय. तिसरा माणूस, म्हणतेय, दोन हंगामांत. चक्राच्या आवाजात कुणाचं काही..."

पुढचं वाक्य तिनं पुरं केलंच नाही. ती अंगण ओलांडून गेली, काचेवर टकटक केली आणि म्हणाली, "मी नेते!"

तेमेनुगा बाईंनी खिडकी उघडली. "काय नेता?"

"प्लेवेनच्या चाळीस जणांना! गोफशाळेत!"

"तुम्ही ऐकलंत? काच तर बंद होती!"

"ऐकलं नाही. पाहिलं!" मावशी म्हणाली. "आणि घर पडेल म्हणालात तेही पाहिलं. बरोबर आहे तुमचं. पण गोफशाळा तर दगडी आहे ना?"

तेमेनुगा बाई लाल झाल्या. यावोरनं दाढीत हसू लपवलं. आणि तशा लाल चेहऱ्यानंच त्या म्हणाल्या, "या."

गोफशाळा ओढ्यावरच आहे. जमिनीखाली पाणचक्र फिरतं आणि वर लाकडी यंत्रांची रांग. प्रत्येक यंत्रावर उभ्या कांड्या एकमेकींना वळसे घालत नाचत असतात आणि मधून काळ्या लोकरीचा गोफ सापासारखा वर चढत राहतो. जुन्या झग्यांना काठावर लावायचा तो गोफ. यावोरनं दांडा ओढून पाणी सोडलं. आधी एक हुंकार आला, मग खडखडाट, मग सगळी जमीनच थरथरायला लागली. यावोर माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी ओरडला, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

मी मावशीकडे पाहिलं. ती मध्यभागी उभी होती. थरथर तिच्या टाचांतून वर चढत असावी, कारण आधी तिचे खांदे सैल पडले, मग मान ताठ झाली. सासरी नांदून दमलेली पोर बारा वर्षांनी माहेरच्या उंबऱ्यात उभी राहावी, तसा तिचा चेहरा झाला होता. तिनं रुमाल परत बांधला. गाठ करकचून मारली.

दोनला प्लेवेनचे पेन्शनर आले. काठ्या, टोप्या, पिशव्या. आत पाऊल टाकताच त्यांनी कानांवर हात घेतले, आणि मग हळूहळू काढले, कारण खडखडाटाच्या वरून एक आवाज स्वच्छ येत होता.

"या, या, पुढे या! घाबरू नका, हे चावत नाही! ह्या कांड्या बघा, होरोचा फेर धरून नाचताहेत! एक आत, एक बाहेर! एकीचा हात सुटला की सगळा नाच बिघडला, म्हणून नजर ठेवावी लागते!"

तिला कुणी काही विचारलं की नुसते ओठ हलताना दिसत, आणि मावशी उत्तर देई. मागच्या कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी बायकोच्या कानात काहीतरी म्हटलं. खोलीच्या या टोकावरून मावशी म्हणाली, "जेवण अडीचला, भाऊ! समोरच्या खानावळीत! बीन्सचं सूप आहे, पुष्कळ आहे, धीर धरा!" गृहस्थ बायकोच्या मागे लपले. सगळे खो खो हसले. ऐकू आलं नाही, पण पोटं हलताना दिसली. तेमेनुगा बाई दारात वही घेऊन उभ्या होत्या. त्यांची पेन्सिल थांबली होती.

आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. गोफशाळेच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी दोनशे पावलांवर, भोवरा होता. भोवऱ्यापाशी काका होते. दुसरी थाप मी अकरा वाजता मारली होती, मावशी स्वच्छतागृहाच्या रांगेत आहे. आणि तिसरी एक वाजता, की रांग फार मोठी आहे. मावशी कितीही लांब असली तरी तिचा आवाज काकांना झोपेतसुद्धा कळतो. तो दगडी भिंत, पाणचक्र आणि धबधबा ओलांडून त्यांच्यापर्यंत गेला. राखणदारानं मला नंतर सांगितलं की काका भोवऱ्यात घोंगडी बघत होते, एकदम उभे राहिले आणि म्हणाले, "ही रांगेत नाही."

आणि काका दारात आले. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, खिशात अंडं.

त्यांनी मावशीकडे पाहिलं. रुमाल, झगा, ॲप्रन, कानामागे फूल. मावशीनंही त्यांना पाहिलं, आणि तिचं बोलणं एका शब्दावर अडकलं. यावोरनं काहीतरी ओळखून पाणी अर्धं तोडलं. खडखडाट निम्म्यावर आला.

"गिन्के," काका म्हणाले, "हे काय घातलंयस?"

चाळीस माना काकांकडे वळल्या आणि परत मावशीकडे. दारात तेमेनुगा बाई. मावशी आता काय करणार? नवरा म्हणून ओळख द्यावी, तर पुन्हा स्लिवेन, चौदा नंबर, लिफ्ट. ओळख देऊ नये, तर ते खोटं. आणि तेही अडतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याबद्दल.

"हा मिन्यो," मावशी लोकांना म्हणाली. "तुम्ही मला कुठल्याही सालात नेऊन ठेवा, हा मागून येणार आणि विचारणार, हे काय घातलंयस!"

प्लेवेनकर हसले. काका हसले नाहीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, यंत्रांकडे, भिंतीवरच्या मेंढीच्या चरबीच्या दिव्याकडे.

"साल कुठलं चाललंय इथे?"

"अठराशे अडुसष्ट!"

काकांनी विचार केला. ब्रेडच्या गाडीवर आयुष्य गेलेला माणूस. घाईत काही करत नाहीत.

"म्हणजे," ते म्हणाले, "आपलं लग्न अजून झालेलं नाही."

"नाही झालेलं!" पुढच्या रांगेतल्या एका आजीबाई ओरडल्या. "सोडू नकोस हो तिला!"

"खिशात काय आहे तुझ्या?" दुसरीनं विचारलं. काकांनी खिशातून पैलवान काढून दाखवला. "अंडं घेऊन आलाय मागणी घालायला! वा रे नवरदेव!"

आमच्याकडे जुनी रीत अशी की मुलानं यायचं आणि मुलीच्या कानामागचं फूल घ्यायचं. मुलगी ओरडली तर तिचे भाऊ धावून येणार आणि मुलाची खैर नाही. मुलगी ओरडली नाही, तर ठरलं. प्लेवेनचे चाळीसच्या चाळीस जण ही रीत जाणून होते. काका दोन पावलं पुढे आले, तशी सगळी खोली श्वास धरून उभी राहिली. काकांनी अंडं माझ्या हातात दिलं, ओला हात पाटलोणीला पुसला, आणि मावशीच्या कानामागचं लाल फूल अलगद काढून घेतलं.

आणि गिन्का मावशी, जिचा आवाज आवरावा म्हणून वाचनालयात पाच पाट्या जास्त लावल्या गेल्या, ती बाई ओरडली नाही. तोंडातून चकार शब्द काढला नाही. नुसती उभी राहिली, गालांवर ॲप्रनच्या पट्ट्यांइतकी लाली, आणि खाली पाणी चक्राला लागून खळखळत राहिलं. प्लेवेनच्या एका आजोबांनी टोपी हवेत फेकली. ती गोफाच्या यंत्रात गेली, आणि आता तिच्याभोवती सुबक काळा गोफ आहे असं ऐकतो.

"यावोर!" मग मावशी म्हणाली. "पाणी पूर्ण सोड! लोकांना अर्धा गोफ दाखवून पाठवायचं नसतं!"

चारला आम्ही कचेरीत बसलो होतो. तेमेनुगा बाईंनी करारपत्र पुढे ठेवलं. मे ते ऑक्टोबर, गोफशाळा, राहायला वरची खोली, सोमवारी सुट्टी. "आणि सालाचं तेवढं सांभाळा," त्या म्हणाल्या. "बाकी तुम्ही आवाजाचं काहीही करा."

मावशीनं पेन घेतलं, पण सही केली नाही. काकांकडे वळली.

"सहा महिने, मिन्यो. तू नको म्हणालास तरी मी सही करणार. पण तू हो म्हणालास तर मला बरं वाटेल."

काका फुलाकडे बघत होते. ते अजून त्यांच्या हातातच होतं. "घर फार शांत होईल," ते म्हणाले.

"तुला शांतताच हवी असायची ना?"

"अर्धा-पाऊण तास हवी असायची गं. सहा महिने कोण मागतंय?" मग त्यांनी घसा खाकरला. "कर सही. मी बघतो माझं."

मावशीनं सही केली, अशी ठासून की खालच्या तीन कागदांवर उमटली. "हुर्रे!" ती म्हणाली, आणि कचेरीच्या खिडकीची काच झणाणली. तेमेनुगा बाईंनी नुसतं हसून काचेवर हात ठेवला.

"दर रविवारी येईन म्हणतो," काका तेमेनुगा बाईंना म्हणाले. "दार किती वाजता उघडतं?"

"नऊला. पण तुम्हाला तिकीट नको, मिन्यो. कर्मचाऱ्यांच्या नवऱ्यांना प्रवेश मोफत आहे."

"नवरा?" काका दुखावल्यासारखे उठून उभे राहिले. "बाई, नियम तुमचाच आहे. अठराशे अडुसष्टमध्ये मी कुणाचा नवरा? नुसतं फूल घेतलंय अजून."

आणि ते तडक तिकीटखिडकीवर गेले. मी मागोमाग गेलो. घोंगड्या निथळत होत्या, गाडी भरायची होती, पण हे सोडवत नव्हतं. खिडकीतल्या मुलीनं काकांचे पांढरे केस, ओल्या बाह्या आणि हातातलं फूल पाहिलं आणि आपलेपणानं विचारलं, "हंगामाचा पास ना आजोबा? पेन्शनरांना सवलत आहे."

काकांनी फूल कोटाला खोचलं.

"सवलत कसली, पोरी? मागणी घालायला चाललेला माणूस आहे मी. पुरा पास दे."